डाव्या हाताची दांडी

१९ एप्रिल

भिंगरीच्या बाबांस,

आम्ही दोघी इकडे ठीक आहोत. तूही ठीक असशीलच. तू नेहमीच ठीक असतोस.

तुझ्या नव्या बाथरूमचा फोटो मिळाला. फरशी काय, अंघोळीचं स्टूल काय, भिंतीवर धरायला स्टीलची दांडी काय! कौतुक करावं तेवढं थोडंच. फक्त स्टुलावर बसलं की ती दांडी डाव्या हाताला येते. पोरीचा डावा हात जन्मापासून आखडलेला आहे. नऊ वर्षांत बापाला मुलीचा चालता हात कोणता ते कळू नये, आणि म्हणे सुट्टीत पंधरा दिवस तिला सांभाळणार!

तुझं सांभाळणं मला ठाऊक आहे. ती मोज्याशी झटत बसायची आणि तू घड्याळाकडे बघत "दे गं इकडे" म्हणून तो चढवून मोकळा व्हायचास. थेरपिस्टबाई घरी यायच्या तेव्हा तुला नेमकं ऑफिसातून बोलावणं यायचं. त्यांनी मला काय शिकवलं, तर गप्प बसायला. तुझ्या आईंना ते क्रौर्य वाटायचं. "पोर धडपडतेय आणि ही बाई हाताची घडी घालून बघतेय!" बघायचेच. घडी घातली नसती तर हात आपोआप पुढे गेले असते.

तर नीट वाच. फ्रॉक घालताना आधी डावा हात, काढताना डावा शेवटी. तू हमखास उलटं करशील, म्हणून हातच लावू नकोस. ती स्वतः घालते. जेवताना ताटलीखाली ओलं फडकं ठेव, म्हणजे ताटली सरकत नाही. तरी सांडेल. सांडू दे. तुझा गालिचा उचलून ठेव. आणि टाळ्या वाजवू नकोस. शर्टाचं बटण लावलंस म्हणून तुझ्यासाठी कोणी वाजवतं का?

पाठवते, असं मी अजून म्हटलेलं नाही. माझी अट तुला आठवत असेल: ती एकटी अंघोळ करून, कपडे घालून बाहेर येईल तेव्हा पाठवीन. मला वाटलं होतं, ही अट जन्मभर पुरेल. नाही पुरली. ती एकटी अंघोळ करून, तयार होऊन बाहेर येते. कधीपासून, ते विचारू नकोस.

तो फोटो मी तिला मुद्दाम दाखवला. म्हटलं, बघ तुझ्या बाबांचा पराक्रम. तिने निरखून पाहिला आणि म्हणाली, "आई, मग मी स्टूल फिरवून बसेन ना. दांडी उजवीकडे येईल." लगेच आमच्या बाथरूममध्ये जाऊन, कपड्यांसकट, बसूनही दाखवलं.

तिला यायचंय. मला ते आवडलेलं नाही, पण तिला यायचंय.

रविवारी सकाळी ये. बॅग तिने स्वतः भरलीय, तेव्हा कपड्यांना इस्त्री शोधू नकोस. आणि माझं पत्र वाचून घाईघाईने दांडी हलवू नकोस. तिने तिची सोय लावलीय.

दाराशी मला काही बोलायला लावू नकोस. मी हाताची घडी घालून उभी असेन. तेवढं मला अजून जमतं.

भिंगरीची आई