सभागृहात बांधलेला पूल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भावोजींनाही सांग, पण त्यासाठी त्यांना उठून बसायला लावू नकोस. पडल्या पडल्या घेतला तरी नमस्कार पोचतो. पायांची सूज उतरली का? धाप कमी आहे का? परवा फोनवर हेच विचारणार होतो, पण तू रडायला लागलीस आणि मला खोकला आला (मला असा खोकला केव्हा येतो ते तुला लहानपणापासून माहीत आहे), म्हणून म्हटलं, लिहावंच. इकडे आम्ही ठीक. तुझ्या भावजयीची कंबर धरली आहे ती सुटत नाही, आणि मी नोकरी धरली आहे ती मला सोडवत नाही. एकूण घरात सगळं घट्ट आहे.

फोनवर तू विचारलंस की, 'बांधकाम खात्यात बसून तू करतोस तरी काय? रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर जुन्या पुलापाशी गाडी थांबवतो आणि म्हणतो, बाई, हा पूल बंद झाला, नव्यावरून जायचा हुकूम आहे. आणि नवा पूल म्हणजे नदीत नुसते खांब नि वर लोखंडी तुळया! हुकूम देणाऱ्याचे डोळे फुटले का?' ताई, डोळे शाबूत आहेत. डोळ्यांचा यात काही संबंधच नाही. तुझ्या नवऱ्याला रक्त शुद्ध करून घ्यायला शेजारच्या भाजीवाल्याच्या हातगाडीवर आडवं घालून मैलभर खालच्या उथळ पाण्यातून न्यावं लागतं, याला एक शब्द कारणीभूत आहे, आणि तो शब्दही असा फाटका की तू रोज तो शंभरदा बोलतेस आणि तुला पत्ताही नसतो. शांतपणे वाच. हसू आलं तर हस, भावोजी झोपले असतील तर हळू हस.

आमच्या मंत्रीसाहेबांना तू पाहिलेलं नाहीस. माणूस वाईट नाही. चहा पाजतो, मुलांची चौकशी करतो, शिपायालाही 'अहो' म्हणतो. फक्त वाचताना तो कागदाकडे बघतो, अर्थाकडे बघत नाही. सभागृहात सार्वजनिक खर्चावर बोलायचं, रस्ते-पूल-धरणांवर बोलायचं, म्हणजे मी लिहायचं आणि त्याने वाचायचं, अशी आमची वाटणी आहे. आता सरकारी भाषण लिहिणं ही वेगळीच विद्या आहे बरं का. त्यात कुणी काही करत नाही, सगळं केलं जातं. निधी दिला जात आहे, रस्ता रुंद केला जात आहे, गळती रोखली जात आहे. कोण देतंय, कोण रोखतंय, असं विचारायची सोयच ठेवायची नाही. या 'जात आहे'वर मी इतकी वर्षं संसार केला. त्याच्याइतका सोशिक शब्द दुसरा नाही. काम सुरू असो, बंद असो, नुसतं मनात असो, हा आपला सगळीकडे चालतो.

पण समोरच्या बाकांवर एक सभासद आहेत, ज्यांना सगळे भोंगा म्हणतात. (हो, तेच, नदीपलीकडचे, तुमच्या भागातले. त्यांच्याबद्दल पुढे येतंच आहे.) साहेब म्हणाले, "निधी दिला जात आहे," की भोंगा बसल्या जागेवरून ओरडणार, "कुठे जात आहे?" साहेब म्हणाले, "खर्च केला जात आहे," की पुन्हा, "अहो पण कुठे जात आहे?" पहिल्या दिवशी चारच जण हसले. आठवडा संपेपर्यंत सगळं सभागृह एका सुरात विचारायला लागलं, आणि खरं सांगतो, आमच्या बाजूचेही दोघं-तिघं त्यात मिसळले होते. अध्यक्षसुद्धा रुमालात तोंड लपवत. शेवटी साहेबांचा पारा चढला. खोलीत आले आणि फाईल आपटून म्हणाले, "उद्यापासून माझ्या भाषणात 'जात' हा शब्द दिसता कामा नये!"

आता मी तिथे असतो तर वाक्यं फिरवून लिहिली असती. 'काम सुरू आहे' म्हटलं की झालं. पण त्या दिवशी माझी दाढ काढायची होती, आणि मी दंतवैद्याच्या खुर्चीत आ करून पडलो होतो. साहेबांचा स्वीय सहायक, ज्याला आम्ही पाठीमागे होयबा म्हणतो, त्याने माझं भाषण संगणकावर उघडलं, 'जात' हा शब्द शोधायला लावला आणि एका झटक्यात सगळीकडून पुसून टाकला. त्यामुळे छपाईला कागदही कमी लागले म्हणे, त्याचं त्याला कौतुक! मी सुजलेला गाल घेऊन अधिकाऱ्यांच्या कक्षात मागे येऊन बसलो, तोवर साहेब उभे राहिले होते. पहिल्याच पानावर, दवाखान्यात नवजात बालकांसाठी कक्ष होता, तो 'नव बालकांसाठी' झाला, आणि भोंग्याने विचारलं की जुन्या बालकांनी काय घोडं मारलंय. तिथवर मलाही गंमत वाटली. मग साहेब पुढे वाचू लागले. रस्ता रुंद केला आहे. गळती रोखली आहे. नदीवरचा नवा पूल बांधला आहे. जुना पूल वाहतुकीसाठी टप्प्याटप्प्याने बंद केला आहे.

भोंगा गप्प. सगळं सभागृह गप्प. आणि मग ताई, बाकं वाजायला लागली! इतक्या वर्षांत प्रथमच या खात्याचा मंत्री झालेल्या कामांची यादी वाचत होता. साहेबांचा चेहरा असा काही फुलला की त्यांना थांबवायला काळीज दगडाचं पाहिजे. माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता म्हणून मी ओरडलो नाही. बोळा नसता तरी ओरडलो नसतो, ते सोड.

संध्याकाळी सचिवांच्या खोलीत सगळे जमले. मी म्हटलं (बोळ्यासकट), साधी चूक आहे, उद्या दुरुस्ती करू. सचिव माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू दाढेबरोबर माझा मेंदूही काढला असावा. मंत्र्याने सभागृहात केलेलं विधान चुकीचं होतं असं म्हटलं, म्हणजे सभागृहाची दिशाभूल झाली. दिशाभूल म्हणजे माफी, आणि माफी म्हणजे भोंगा राजीनामा मागणार. तेव्हा विधान बरोबरच आहे, पूल चुकला आहे, असं ठरलं. जुना पूल बंद झाला म्हणून सांगितलंय ना? मग दोन पिंपं आणि आडवा बांबू टाकून तो बंद करा. तिथे एक पहारेकरी बसवला. बंद पुलाला दुरुस्ती कशाला, म्हणून त्याचे कठडे बसवायचे होते तेही रद्द झाले. नव्या पुलाच्या तोंडाशी 'वापरासाठी खुला' असा फलक लागला. (फलक मात्र अगदी भक्कम आहे. त्याला पाया घातला आहे.) रुग्णवाहिका, शाळेची गाडी, टपालगाडी, सगळ्यांना नव्या रस्त्याने जायचे हुकूम निघाले. आणि कळस ऐक: नव्या पुलाचा कंत्राटदार उरलेलं काम करायला पैसे मागायला आला, तर हिशेब शाखेने त्याला हाकलून दिलं, पूर्ण झालेल्या कामाला पैसे कसले मागता म्हणून. म्हणजे तो पूल आता पूर्ण होऊ शकत नाही, कारण तो पूर्ण झाला आहे. मी त्या शाखेत जाऊन दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा मलाच ते पटायला लागलं, म्हणून परत आलो.

मग तू भोंग्याकडे गेलीस. बरोबर केलंस, मी तुझ्या जागी असतो तर मीही गेलो असतो. पण ताई, त्यांनी सभागृहात प्रश्न टाकला, तो खात्याकडे आला, आणि खात्यातून उत्तर लिहायला कुणाच्या टेबलावर आला असेल? 'पलीकडच्या गावातील मूत्रपिंडाच्या एका रुग्णास पूल नसल्याने हातगाडीवरून न्यावे लागते, त्यामुळे त्याचे उपचार चुकले व प्रकृती खालावली, हे खरे आहे काय?' आमच्याकडे उत्तरं तीन प्रकारची असतात: 'हे खरे आहे', जे मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही, 'हे खरे नाही', आणि 'हे अंशतः खरे आहे'. मी भावोजींचा विचार करत बसलो. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, माझ्या लग्नात वाढपी कमी पडले तेव्हा बाह्या सरसावून पंगतीत उतरला, त्याला मी अंशतः खरा लिहू का? हातगाडी खरी आणि सूज खोटी लिहू? कागदावर हात चालेना. सगळा दिवस मी फक्त 'हे' एवढंच लिहिलं.

शेवटी तोड साहेबांनीच काढली. तुळयांवर फळ्या टाकायच्या. प्रश्न यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी, एक रुग्णवाहिका त्यावरून अलीकडे आणायची, आत रुग्ण, समोर साहेब, बाजूला छायाचित्रकार. दुसऱ्या दिवशी उत्तर काय द्यायचं ते छायाचित्रच देईल. रुग्ण कोण, तर अर्थात ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तोच. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरचाच माणूस आहे म्हणे तुमच्या?" मी हो म्हटलं. अभियंत्याला मी विचारलं, फळ्या गाडी पेलतील ना? तो म्हणाला, "एक गाडी, हळू नेली, तर पेलायला हरकत नसावी." आता 'हरकत नसावी' ही भाषा माझ्या ओळखीची आहे, मीच ती या खात्यात रुजवली आहे, पण इंजिनिअर माणूस आहे, शिकलेला आहे.

तेव्हा ताई, गुरुवारी सकाळी भावोजींना स्वच्छ सदरा घालून तयार ठेव. गाडी नव्या पुलापाशी उभी असेल. पाच मिनिटांचं काम आहे. अलीकडे आले की सरळ दवाखाना, आणि पुढचे सगळे उपचार तिथे खास खोलीत होतील असं साहेबांनी कबूल केलंय. त्यांच्या जिवाला आराम पडेल, तुझी हातगाडी सुटेल. नाही म्हणू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे राहिली नाही, टाळली. ते भाषण माझ्या नावावर आहे. गुरुवारचं काही जमलं नाही तर तो शब्द गाळला कोणी याची चौकशी लागणार, आणि होयबाने आत्ताच सांगून ठेवलंय की दाढेच्या गुंगीत मीच तो गाळला. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत, घराचे हप्ते आहेत, तुझ्या भाचीचं शिक्षण व्हायचंय. तेव्हा हे काम भावोजींसाठी आहे तसं माझ्यासाठीही आहे. माझ्यासाठीच आहे म्हण ना. एवढं कर माझ्यासाठी.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं होतं, फोडून पुन्हा लिहितोय. टपालात टाकायला निघालो तो पाय तसेच नदीकडे वळले. फळ्या टाकून झाल्यात. मी त्यावर पहिल्या खांबापर्यंत चालत गेलो. ताई, त्या तारेने बांधल्या आहेत. पाय टाकला की दुसरं टोक उचलतं, आणि मधल्या फटीतून खालचं पाणी दिसतं. अभियंता तुमच्या बाजूची पाहणी करून परत येत होता, तर मोटारसायकल घेऊन जुन्या पुलावरून आला. पहारेकऱ्याने त्याच्यासाठी बांबू वर केला. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने गुरुवारची रजा टाकली आहे. साहेब अलीकडेच उभे राहणार आहेत, पुलावर येणार नाहीत. हे सगळ्यांना माहीत आहे, ताई, सगळ्यांना.

गुरुवारची वाट बघू नकोस. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी भावोजींना हातगाडीवर घाल आणि जुन्या पुलावरून आण. कठडे नाहीत, पण पूल धडधाकट आहे, मधून चाला. पहारेकऱ्याशी मी बोललोय, तो तोंड फिरवून उभा राहील. फोनवर मला पुन्हा खोकला येईल आणि टपालगाडीलाही नवाच पूल आहे, म्हणून हे पत्रसुद्धा त्याच्याच हाती पाठवतोय. आमच्याकडेच राहा, तुझ्या भावजयीने आतली खोली रिकामी करायला घेतलीसुद्धा, कंबर धरून. इथून दवाखाना चालत जाण्याजोगा आहे. माझं काय व्हायचं ते होईल.

पण यायला जमलं नाही आणि गुरुवार उजाडला, तर दाराला कडी घाल. साहेबांची माणसं येतील, गोड बोलतील. त्यांना घालवशील तू, मला काळजी नाही. काळजी माझीच आहे. ते मला पुढे घालतील आणि मी येईन, ताई, मी स्वतःला ओळखतो. मी दारात उभा राहून हात जोडीन, पोरीच्या शिक्षणाचं सांगेन, रडेन, तुझ्या पायांवर डोकं ठेवीन. कडी काढू नकोस.