वेल्ह्याची जागा आणि ऐकलेले ग्रह

मी, सौदामिनी केशव कुंटे, वय वर्षे एकाहत्तर, भोरच्या दूरध्वनी केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त, राहणार भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र ॲडव्होकेट प्रेरणा शेटे यांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. काचबिंदूमुळे मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. कान उत्तम आहेत. डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य इतर लोक मृत्युपत्रात रीत म्हणून घालतात. मला ते सिद्ध करावे लागले, आणि ते कसे, हे खाली सांगितले आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझी मिळकत अशी: भोरमधील राहते घर, आणि वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी असलेली जागा व तीवरील दोन खोल्या. (तालुक्याचे नाव आता सरकारदरबारी राजगड झाले आहे. वकीलबाईंनी दोन्ही नावे लिहावीत, म्हणजे पुढे कोणी त्यावरून भांडायला नको.) ही दोन्ही माझे यजमान कै. केशव यांनी त्यांच्या मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावे केली. त्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. याशिवाय थोडे दागिने, बँकेतली शिल्लक, एक मोबाईल आणि एक स्पीकर.

२. या मोबाईलमध्ये माझी पुस्तके आहेत. दिसेनासे झाल्यावर मी पुस्तके ऐकू लागले. लोकांना वाटते पोथ्या ऐकत असेन. मी परग्रहांच्या, यंत्रमानवांच्या, चेटकिणींच्या आणि ड्रॅगनच्या कादंबऱ्या ऐकते. बहुतेक इंग्रजी, काही हिंदी. मराठीत अशी ऐकायला फार थोडी मिळतात, ही माझी तक्रार आहे. वकीलबाई म्हणतात की ही पुस्तके वारसाला देता येत नाहीत, माझ्याबरोबर माझे खातेही संपते. म्हणून पुस्तकांऐवजी मते ठेवून जाते. ज्याला हवी त्याने घ्यावीत.

संक्षिप्त आवृत्ती ऐकू नये. वेग वाढवून ऐकू नये, तसे ऐकणाऱ्याला गोष्ट नको असते, उरकायची असते. मागे संगीत वाजत असेल तर वाचणाऱ्यावर कंपनीचा भरवसा नाही असे समजावे. जन्माआधीच ज्याच्याविषयी भाकीत झाले आहे असा तारणहार पहिल्या प्रकरणात आला, तर पुस्तक बंद करायला हरकत नाही. विज्ञानकथेत माणसे घर सोडून निघतात आणि अद्भुतकथेत घरी परतायला धडपडतात, म्हणून मी सकाळी पहिली ऐकते आणि संध्याकाळी दुसरी.

नूतन मरळ माझ्याकडे स्वयंपाकाला आहे. राहते भाटघरला, भावाच्या पडवीत. नवऱ्याने टाकलेली आहे. मटार सोलता सोलता तीही ऐकते, मी तिला मराठीत सांगत जाते. पहिला ड्रॅगन आला तेव्हा ती म्हणाली, "बाई, येवढं मोठं जनावर, त्याला खायाला काय घालत्यात? आन् श्याण कोन काढतं?" तेव्हापासून प्रत्येक ड्रॅगनला मी हा प्रश्न लावते. बहुतेक लेखक नापास होतात.

३. आता माझा मुलगा शार्दूल याच्याविषयी. तो पुण्यात असतो, रविवारी येतो. दिवाळीनंतर एकदा तो आला आणि माझ्यापुढे कागद ठेवला.

"पेन्शनचा हयातीचा दाखला आहे, आई. इथे सही कर."

ओळ चुकू नये म्हणून मी कागदावर पट्टी लावून सही करते. पेन हातात घेतले आणि म्हटले, "आधी वाच."

त्याने वाचले. "मी खाली सही करणार, असे प्रमाणित करते की, मी हयात असून, माझे निवृत्तिवेतन..." वाचणे ठीक होते. श्वास चुकत होता. कागदावरून वाचणारा माणूस स्वल्पविरामापाशी श्वास घेतो. मनाने रचून बोलणारा पुढचा शब्द सापडेपर्यंत घेतो. इतकी वर्षे टेलिफोनवर आणि त्यानंतर पुस्तकांत मी माणसांचे श्वास ऐकले आहेत.

"पुन्हा वाच," मी म्हटले.

"आत्ता तर वाचलं."

"पुन्हा."

या वेळी निवृत्तिवेतनाचे पेन्शन झाले. बँकेचे नाव आधी शेवटी होते, ते सुरुवातीला आले. तो माझ्याजवळ इतका टेकून बसला होता की त्याच्या शर्टाचा इस्त्रीचा वास येत होता, आणि मला त्या क्षणी त्याची भीती वाटली. स्वतःच्या मुलाची.

"शार्दूल, कागदावर काय आहे?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

आतला नळ बंद झाला. नूतन चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. कप टेबलावर टेकला नाही. मग ती म्हणाली, "बाई, वर मोठ्या अक्षरात कुलमुखत्यारपत्र लिवलंय. सही करू नगा."

"तुला कोणी विचारलं?" शार्दूल ओरडला. "उद्यापासून यायचं नाही तू!"

"तिला मी ठेवली आहे," मी म्हटले आणि पेनाला टोपण लावले. टोपण दोनदा घसरले.

त्या कागदावर सही झाली असती तर माझे सगळे विकायचा अधिकार त्याच्याकडे गेला असता. वेल्ह्याच्या जागेसाठी त्याने रिसॉर्टवाल्यांना शब्द देऊन टाकला होता, हे नंतर त्याच्याच तोंडून कळले. सरळ मागितली असती, तर मी काय केले असते हे मला खरेच माहीत नाही.

४. त्यानंतर काही रविवार तो आला नाही. मग एका दुपारी आला, पेढे घेऊन. जवळ बसला. म्हणाला, "आई, हल्ली काय ऐकतेस?"

डोळे गेल्यापासून घरातल्या कोणी मला हे विचारले नव्हते. मी सांगत सुटले. तेव्हा मी एक लांबलचक कादंबरी ऐकत होते. बर्फाच्या ग्रहावरची एक म्हातारी ती सांगते, सगळे प्रथमपुरुषात. मीही तसेच सांगितले. "आमचा सूर्य विझत चाललाय. आम्हाला निघायला हवं. पण समुद्राखालची माणसं दार उघडत नाहीत." त्या माणसांचा घोगरा आवाजसुद्धा काढून दाखवला. शार्दूल मधूनमधून विचारत होता, "मग? मग काय झालं?" लहानपणी विचारायचा तसे. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही बोललो. तो गेल्यावर मी नूतनला म्हटले, "माझा मुलगा परत आला."

टेबलावर मोबाईल उभा करून तो माझे चित्रण करत होता. मला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

५. पुढच्या आठवड्यात त्याने मला पुण्याला नेले. डोळ्यांची तपासणी, असे सांगितले. आत बसल्यावर डॉक्टरांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?"

डोळ्यांचा डॉक्टर हे विचारत नाही. वार सांगितला, महिना सांगितला, उलटे आकडे म्हटले. मग शार्दूलने मोबाईल लावला आणि त्या खोलीत माझाच आवाज आला. "आमचा सूर्य विझत चाललाय." किती खुशीत होते मी! डॉक्टरांनी चित्रण थांबवले.

"तुम्हाला आवाज ऐकू येतात का?"

"येतात. हेडफोन लावल्यावर. काढले की बंद होतात."

कोणी हसले नाही. मला कळत होते की मी आवाज चढवला तर चिडचिड लिहिली जाईल आणि रडले तर आणखी काही. म्हणून मी ऑपरेटरचा आवाज लावला. ट्रंक कॉल तुटला आणि लोक शिव्या देऊ लागले की आम्ही जो लावायचो तो, सपाट.

"समुद्राखालची माणसं खरी आहेत?" डॉक्टरांनी विचारले.

"नाहीत. पहिल्या भागात तरी खरी वाटत होती. तिसऱ्या भागात लेखिकेनं त्यांना एका रात्रीत शहाणं करून टाकलं. तिथे ती कागदाची झाली."

"एका रात्रीत म्हणजे?"

"भांडण रंगात आलं होतं. दार उघडलं तर समुद्राखालचे मरतात, नाही उघडलं तर वरचे मरतात. दोघांचंही बरोबर होतं. अशा वेळी लेखिकेनं निकाल द्यायला हवा होता. तिनं दोघांना वाचवणारं एक यंत्र आणलं. वाचणारीचंही चुकलं. तिनं म्हातारीला रडवी केली. ज्या बाईला लोकांना बर्फावरून न्यायचंय, तिला रडायला फुरसत कुठली?"

"आई, पुरे," शार्दूल म्हणाला.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" डॉक्टर त्याला म्हणाले.

दार लागले. मग डॉक्टरांनी बरेच विचारले. माझे काय काय आहे, माणसे कोण, कोणाला काय द्यावेसे वाटते आणि का. मी सांगितले. त्यांनी विचारले, "मुलाविरुद्ध तक्रार करायची आहे?"

"नाही. मला दाखला हवाय," मी म्हटले.

मला वेडी ठरवायला ज्या दारात नेले, तिथूनच मी शहाणी असल्याचा कागद घेऊन बाहेर पडले. येताना गाडीत कापूरहोळ मागे पडल्यावर शार्दूल म्हणाला, "मला वाटलं, ती नूतन तुला लुबाडतेय."

"मग कागद तिच्यापुढे ठेवायचास. माझ्यापुढे का ठेवलास?"



ते चित्रण अजून त्याच्याकडे आहे. त्याने ते पुसू नये. हट्ट म्हणून नव्हे, माझ्या मिळकतीतली एक वस्तू म्हणून मी ते त्याला देते. पुरावा म्हणून त्याने त्यातला एक तुकडा कापला. माझ्या पश्चात सगळे ऐकावे. मी माझ्या मुलाला गोष्ट सांगते आहे, एवढेच त्यात आहे.

६. भोरचे घर शार्दूलला. तो त्या घरात जन्मला, वाढला. रागाच्या भरात मी ते दुसऱ्याला दिले असते, तर दाखल्यावरचे शहाणपण माझे मलाच खोटे वाटले असते. दागिने सून अश्लेषा हिला. ती या कशात नव्हती.

वेल्ह्याची जागा व दोन खोल्या नूतन मरळ हिला, कायमच्या, कोणत्याही अटीशिवाय. वकीलबाईंनी मला बजावले आहे की यावरूनच मृत्युपत्राला हरकत घेतली जाईल. म्हणून नूतन स्वतः काय म्हणाली तेही इथे लिहावे. ती म्हणाली, "नगं बाई. लोकं म्हंतील आंधळ्या म्हातारीला गुंडाळलं. तोंडावर न्हाई म्हननार, पर म्हंतील."

"म्हणू देत. तुला स्वतःचं दार नकोय का?"

ती म्हणाली, "दार कुनाला नगं असतंय?"

ही जागा तिच्या सेवेबद्दल नाही. सेवेचा पगार तिला दर महिन्याला मिळाला. हातातली नोकरी जाईल हे कळत असताना तिने कागदावर जे होते ते मोठ्याने वाचले, त्याबद्दल आहे. पुढे तिला तिथे रिसॉर्ट काढावेसे वाटले तर खुशाल काढावे.

मोबाईल आणि स्पीकरही तिला. बँकेतली शिल्लक माझ्या औषधपाण्यातून आणि क्रियाकर्मातून उरेल ती भोर आणि वेल्ह्यातल्या न दिसणाऱ्या माणसांना ऐकण्याची साधने देण्यासाठी वकीलबाईंनी वापरावी. कोणाला काय ऐकायला आवडावे, हे मात्र ठरवू नये.

७. मी बेशुद्ध पडले तर कानाशी भजन लावू नये. जे पुस्तक अर्धे असेल ते जिथे थांबले तिथून लावावे, नेहमीच्या वेगाने. माझ्या खाटेपाशी हळू आवाजात जागेच्या गोष्टी करू नयेत. हळू आवाज मला जास्त चांगला ऐकू येतो.

८. हे कलम सही करण्याच्या थोडे आधी घातले आहे. वकीलबाईंचा सल्ला होता की शार्दूलला आत्ता काही कळवू नये. मला ते पटत नव्हते. मी सर्वांसमक्ष त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"शार्दूल, मी मृत्युपत्र करतेय. घर तुला. वेल्ह्याची जागा नूतनला."

नूतन माझ्यामागे उभी होती, तिने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. साक्षीदार गोरख बांदल खाकरले आणि थांबले.

"हे तुला कोणी सांगायला लावलं?" शार्दूल म्हणाला.

"कोणी नाही."

"मी कोर्टात जाऊ शकतो, आई."

"जाऊ शकतोस. दाखला जोडलाय. तूच मिळवून दिलास."

फोन ठेवला असे वाटले, पण श्वास ऐकू येत होता. शेवटी तो म्हणाला, "मग रविवारी मी यायचं की नाही?"

आवाज बसला होता. त्यात रचलेले काही नव्हते.

मी म्हटले, "ये. कुलूप बदललंय. बेल वाजव."

वरील सर्व मजकूर ॲड. प्रेरणा शेटे यांनी साक्षीदारांसमक्ष मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. याची अंमलबजावणी त्यांनीच करावी. आज माझ्यावर कोणाचा दाब नाही. खाली मी पट्टी लावून स्वतःच्या हाताने सही करत आहे.

(सही) सौदामिनी केशव कुंटे

आमच्या डोळ्यांदेखत श्रीमती कुंटे यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार: (सही) गोरख शिवाजी बांदल, निवृत्त लाइनमन, भोर
साक्षीदार: (सही) सुलक्षणा माधव ओक, शेजारी, भोर

स्थळ: भोर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६