पुढचं घर घ्या

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं आहे. त्याचा फार अर्थ लावू नकोस.

तुला जाऊन तीन महिने होत आले आणि मी आज लिहायला बसले, कारण काल पुण्याहून तुझ्या संस्थेच्या संचालकांचा फोन आला. पौषात आपल्या अंबड तालुक्यात आयांच्या आरोग्याची पुन्हा पाहणी आहे आणि तिला तुझं नाव द्यायचं घाटतंय. घरोघर फिरायला माझ्याच कॉलेजची मुलं घेणार, त्यांना शिकवायचं मी. "मॅडम, सगळं सरांच्याच पद्धतीनं होऊ द्या," असं ते गहिवरून म्हणाले. सरांची पद्धत! मला हसू फुटलं. त्यांना वाटलं, मी रडतेय.

तुझ्या शोकसभेत मी मायला घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. जीवसंख्याशास्त्राचे एवढे मोठे प्राध्यापक, परदेशात निबंध वाचलेले, आजारांच्या आणि जन्ममृत्यूच्या आकड्यांवर सरकारला सल्ला देणारे. एकामागून एक लोक उठून बोलत होते. एकजण म्हणाले, "सरांच्या पाहणीत एकही घर सुटत नसे." सगळ्यांनी माना हलवल्या, मायनंही हलवली. मी ताठ बसून राहिले. तुझी घरं कशी सुटत नसत, ते मी आपल्याच आळीत उभी राहून पाहिलं होतं.

आठवतंय? बरीच वर्षं झाली. तू विद्यार्थ्यांना घेऊन गावात आल्तास, म्हणून मी रजा टाकून आले. माझा दादा काम कसं करतो ते मला बघायचं होतं. थंडीचे दिवस, माणसं ऊसतोडीला गेलेली, आळीत दाराला दार लागून कुलूप. यादीतलं पहिलंच घर किसनचं निघालं, आपल्या सख्ख्या चुलतभावाचं. दारापुढं बोरीच्या काट्यांची बोराटी लावलेली. एक मुलगी म्हणाली, "सर, इथं कुणीच नाही." तू घड्याळात बघत म्हणालास, "पुढचं घर घ्या."

पुढचं घर म्हणजे रिटायर झालेल्या गुरुजींचं, दुमजली. त्यांच्या सुनेचं रक्त तपासलं, चांगलं निघालं. का नाही निघणार? मग पुन्हा कुलूप, पुन्हा पुढचं घर. संध्याकाळपर्यंत तुझे सगळे फॉर्म भरले आणि आपली आळी कोरी राहिली. किसनची बायको कांता तेव्हा पोटुशी होती आणि कुठल्या तरी फडात ऊस तोडत होती. कुठल्या, ते तू कुणाला विचारलंही नाहीस.

तिचं लेकरू त्याच हंगामात फडावर जन्मलं आणि तिथंच गेलं. तू फोनवर दुःख कळवलंस, मीटिंगमधून बाहेर येऊन. तेवढी सवड काढलीस हे विशेष. पण तुझ्या अहवालात ना कांता होती, ना ते लेकरू. तालुक्यातल्या बायकांची तब्येत चांगली, असं त्यात छापून आलं. फडांवर फिरता दवाखाना द्या म्हणून लोकांचा अर्ज पडून होता. गरज दिसत नाही, असं त्यावर तुझ्याच अहवालाच्या आधारानं लिहिलं गेलं.

त्यानंतर तू अंबडला माझ्याकडं चहाला आलास. मी सरळ विचारलं.

"दादा, बंद घरं का सोडली?"

"सोडली नाहीत. बदली घरं घेतली."

"बदली घरातली बाई ऊस तोडत न्हाई."

"सुमे, तुला नमुना निवड कळत न्हाई."

"तेच शिकवून राह्यले मी कॉलेजात."

"मंग ऐक. बंद घरं दाखवली की पाहणी अर्धवट दिसती. पुढचं काम मिळत न्हाई. बिलकुल मिळत न्हाई."

पुण्यात राहून तू जिभेला इस्त्री करून घेतली होतीस. चिडलास की मात्र गावचं 'न्हाई' परत यायचं. त्या दिवशी ते चहा संपेपर्यंत येत राहिलं. तेव्हा मला कळलं की तुझी चूक झालेली नाही, तू जाणूनबुजून केलंस.

दुसरा कुणी असता तर त्याला मी बिनडोक म्हणून सोडून दिलं असतं. पण तू? दिवाळी झाली की आपल्याच घराला कुलूप लागायचं ना? फडावरच्या पाचटाच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत बसून तूच मला अपूर्णांक शिकवलेस, उसाच्या वाढ्याच्या पेंढीचे भाग पाडून. उन्हाळ्याच्या तोंडावर परत आलो तर हेडमास्तरांनी तुझं नाव पटावरून काढून टाकलेलं. तू केवढासा, पण त्यांच्या टेबलापुढं उभा राहून म्हणालास, "गुरुजी, मी गेल्तो. मेलो न्हाई." माय ती गोष्ट अजून कौतुकानं सांगते. मी उठून आत जाते. एवढं शिकून, एवढ्या पदव्या घेऊन तू शेवटी तो हेडमास्तरच झालास की रे!

वहिनी परवा विचारत होती, तुझ्या सत्काराच्या शालींचं काय करायचं. दोन कपाटं भरली आहेत म्हणे. कोपीत थंडी फार असते, पण जरीच्या शाली पांघरून तिथं कोण झोपणार? मी म्हटलं, असू देत कपाटातच.

काल फोन झाल्यावर मी गावी गेले. कांताची सून, थोरल्या पोराची बायको रेखा आता पोटुशी आहे आणि दिवाळीनंतर शहागडहून ट्रक निघेल त्यात तीही जाणार. मी म्हटलं, यंदा नको पाठवू हिला. कांता म्हणाली, "ताई, कोयता जोडीचा असतोय, नवरा-बायकोचा. ही न्हाई गेली तर मुकादम पोराला एकट्याला घेतोय का? तुम्ही तिकडं डॉक्टर येईल असं बघा." रेखा खाली मान घालून ज्वारी निवडत होती.

आज सकाळी मी संचालकांना फोन लावला. कुलूप दिसलं तर माझी मुलं पुढच्या घरी जाणार नाहीत, म्हणून सांगितलं. माणसं कुठं गेली ते शेजाऱ्यांना विचारतील आणि फडावर जाऊन त्याच बाईला गाठतील. रक्त तपासायचं म्हणजे डॉक्टरची गाडी त्यांच्याबरोबर न्यावी लागेल.

"मॅडम, मग सरांच्या आधीच्या अहवालांचं काय?"

"ते चुकीचे होते. तसं लेखी देते मी."

"आणि पाहणीला सरांचं नाव?"

"काढून टाका."

सख्खी बहीण असं बोलते म्हणून ते चपापले असतील. दुपारी त्यांचा होकार आला, गाडीसकट. तुझं नाव गेलं. मायला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

दादा, तू गेल्यापासून मी रडलेले नाही. लोक म्हणतात, सुमन धीराची आहे. मला तुझा राग आलाय, एवढंच आहे ते. पण तुला वचन देते. ती गाडी रेखाच्या कोपीपर्यंत जाऊ दे, तिचं बाळंतपण नीट होऊ दे, लेकरू घेऊन ती गावात परत येऊ दे. त्या दिवशी मी घरी येऊन दार लावून घेईन आणि तुझ्यासाठी पोटभर रडीन. तोवर नाही.

तुझी,
सुमी