बाबा, नावेला मोटर कोणती घेऊ?

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, आणि मी पहिलं पत्र लिहितेय ते मोटरसाठी! हसू नका. तुमची ती जुनी पेट्रोलची मोटर या उन्हाळ्यात कायमची बसली. गोहलपूरच्या मिस्त्रीने उघडून पाहिली आणि हात टेकले. बरगी धरणावरची मासेमारीची बंदी उठायला आता आठच दिवस उरलेत, आणि सुक्कू भैया काही मोटर घेईनात. तुमच्या निवृत्तीनंतर वीस वर्षं नाव त्यांची आणि मोटर तुमची, असा तुमचा दोघांचा संसार. त्यामुळे ते म्हणतात, "मोटर तो बाबूजी की थी, दीदी. पेट्रोल लें या बैटरी, आप जो कहें."

म्हणजे त्यांच्या घरची चूल माझ्या एका शब्दावर! मी साधी शाळामास्तरीण, मला धड मिक्सर निवडता येत नाही.

खरं सांगू? माझं मन पहिल्यापासून बॅटरीकडे होतं. तुमची मोटर मला कधी आवडलीच नाही. किती तो आवाज! रविवारी मी तुमच्याबरोबर यायची, पुढच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून बसायची. तुम्ही मागे, हात मोटरच्या दांड्यावर. चुकून मागे वळून पाहिलं तर तुमचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं, काहीतरी स्तोत्र पुटपुटताय. मी उगाच मान डोलवायची आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसायची.

तुमच्या नातीचंही मत बॅटरीलाच. मितूला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं, तुम्हाला ठाऊक आहे. "आई, इलेक्ट्रिक ही लो ना. धुआँ नहीं, आवाज़ नहीं, और क्या चाहिए?"

दुकानदाराने एका दिवसासाठी बॅटरीची मोटर वापरून बघायला दिली. शनिवारी सकाळी सहाला आम्ही नाव लोटली. सुक्कू भैयांनी बटण दाबलं आणि मला वाटलं, काहीच झालं नाही. मग बघते तर काठ हळूहळू मागे सरकत होता! धुकं पाण्याला टेकलेलं. बुडालेल्या झाडांचे शेंडे जवळ येत होते आणि निघून जात होते. वल्ह्यावरून एक एक थेंब पडलेला ऐकू येत होता. "इसी के नीचे हमारा गाँव था," सुक्कू भैया हळूच म्हणाले. मी खाली वाकून पाहिलं. हिरवं, गाढ पाणी. आपण कुणाच्या तरी अंगणावरून, चिंचेवरून, झोपलेल्या कौलांवरून चाललोय असं वाटत होतं, आणि तुम्ही मागे बसला आहात असंही. मी मुद्दामच वळले नाही. वळले असते तर दांड्यावर सुक्कू भैयांचा हात दिसला असता.

बाबा, त्या अर्ध्या तासात मी मनात मोटर घेऊनही टाकली होती.

काठाला आलो तेव्हा सुक्कू भैया नुसते पायाच्या बोटांनी वाळू उकरत उभे. "अच्छी है, दीदी," म्हणाले. त्यांचं ते कोरडं 'अच्छी है' ऐकलं आणि मला एकदम तुमची ट्रकची फॅक्टरी आठवली. तुम्ही तिथे नव्या ट्रकमध्ये वाळूची पोती भरून चढ चढवून बघायचात, आणि घरी येऊन आम्हाला ऐकवायचात, "रिकामी गाडी काहून पळणार नाही? भरून दाखवा म्हणा!" फॅक्टरीवाल्याची मुलगी मी, आणि रिकाम्या नावेवर भाळले!

मग नावेत जाळी टाकली, बर्फाची पेटी टाकली, माशांच्या वजनाची म्हणून चार पोती वाळू टाकली. सुक्कू भैया "रहने दीजिए" म्हणत राहिले. जाताना ठीक होतं. परत फिरलो आणि समोरून वारा सुटला. मोटरवरचे चार्जिंगचे हिरवे दिवे एकेक करून विझले, आणि बरोबर मध्यावर ती गप्प झाली. दोन तास वल्ही मारली, बाबा! माझ्या तळहातांना फोड आलेत.

"तुम्हाला माहीत होतं ना, हे असं होईल?" मी विचारलं.

"थोड़ा-थोड़ा," ते म्हणाले. "पर बाबूजी की बेटी को मना कैसे करें?"

मला इतकी लाज वाटली! त्यांनी ती मोटर घेतली असती, रोज वाऱ्यात अडकले असते आणि मला कधी कळू दिलं नसतं. मी म्हटलं, "सुक्कू भैया, मला फक्त ही शांतता हवी होती. बाबा मागे बसून काय बोलायचे ते मला कधी ऐकूच आलं नाही."

त्यांनी वल्हं थांबवलं. "हमने सुना है, दीदी. हम तो बगल में बैठते थे. इतने साल में आपकी मराठी समझ गए हैं. वो आप ही से बोलते थे. 'शालू, चुकलो गं मी. तुला पुण्याला जाऊ द्यायला पाहिजे होतं. राग आहे का अजून?' हर इतवार यही. मोटर बंद, तो बाबूजी भी बंद."

वारा वाहत होता, नाव जागच्या जागी हलत होती.

काहून, बाबा? माझ्या पाठीशी बोलायचात, तेही त्या खडखडाटात? बारावीनंतर मी पुण्याच्या कॉलेजचं नाव काढलं आणि तुम्ही "इथं काय कमी आहे?" म्हणालात तेव्हा तर आवाज चांगला खणखणीत होता तुमचा!

तर मोटर पेट्रोलचीच घेतोय. काल त्यांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळं हसले. त्यांना लांब जायचं असतं, नाव भरून परत यायचं असतं. नवी मोटर आवाज जरा कमी करते म्हणे. केला तर करू दे.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, राग होता. पुष्कळ वर्षं होता. तुम्ही एकदा काठावर उतरून तोंडावर म्हणाला असतात, तर मी तिथेच रडले असते आणि मग आपण टपरीवर चहा प्यायलो असतो. एवढंच तर होतं, बाबा! आता राग नाही. तो चहा राहिला याचंच वाईट वाटतं.

मितूचा पुण्याच्या कॉलेजात नंबर लागलाय. पंधरा दिवस झाले, मी नुसती 'बघू, बघू' करून राहिलेय. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असल्या की मीही भिंतीकडे तोंड करून पुटपुटते, जा गं बाई, जा. तुमचीच मुलगी ना!

वचन देते. आज संध्याकाळी ती घरी आली की गॅस बंद करीन, तिला समोर बसवीन, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगेन. आवाज कापला तर कापू दे. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन.

तुमचीच,
शालू