बोडीवरचं इंजन

बाबा, बोडीवरचं तुमचं इंजन मी खोललं. पार पिस्टनपर्यंत. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात त्याला डिझेल-तेलापलीकडे कुणी काही दिलं नव्हतं. आई शेजारच्या काकांकडून हँडल मारून घ्यायची आणि जमेल तसं बोडीच्या तळ्यातलं पाणी धानाला द्यायची. यंदा दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद झाली तशी मी देवरीहून घरी आले, तर इतका निळा धूर की पलीकडची धानाची बांधी दिसेना. परतीचा पाऊस आलाच नव्हता, धान निसवत होता आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी इंजन सुरूच झालं नाही. सौंदडचा मिस्त्री दिवाळी झाल्यावर येतो म्हणाला. आई म्हणाली, "भंगारवाल्याले देऊन टाकू. तुह्या बाबासंगंच गेलं ते." मला राग आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही. मी तुमचा पान्यांचा डबा माळ्यावरून काढला.

तुमचं इंजन-दुरुस्तीचं छप्पर स्वयंपाकघराच्या मागे होतं. लोक बैलगाडीत घालून इंजनं आणायचे. तुम्ही इंजनाशी वाकलेले, धुराचा पाइप तुमच्या पाठीमागे, त्यामुळे तुम्हाला धूर दिसत नसे. मी चुलीजवळच्या खिडकीत. भात उतू जातोय, आई ओरडतेय, आणि बाहेरून तुमचा आवाज येतो, "धूर कसा येऊन राहिला माय?" मी ओरडते, "काळा!" थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" "निळा!" काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही आणि निळा म्हणजे आतलं तेल जळतंय, हे तुम्ही मला कधी बसवून सांगितलं नाही. मी रंग सांगितला की तुमचे हात कुठे जातात ते बघत बघत मीच जुळवत गेले.

मी चौदा वर्षांची असताना, तुम्ही बाजाराला गेलेले पाहून, एका गिऱ्हाइकाच्या इंजनाचा डिझेल फवारणारा नोझल खोलला होता. तो हातून निसटून मातीत पडला. तुम्ही आलात, नोझल उचलून उजेडात धरलात. "कायले हात लावला? तुले कोनं सांगितलं होतं?" बस, एवढंच. तिसऱ्या दिवशी गोंदियाहून नवा नोझल आणलात आणि माझ्या पुढ्यात एक छोटा पाना टाकलात. "ह्याच्यानं आपली सायकल खोल. लोकाइचं इंजन नोको खोलू." त्यानंतर मी छपरात आले नाही. तुम्ही बोलावलं नाहीत, मीही विचारलं नाही. पुढे डीएड झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि विचारायचं राहूनच गेलं.

गोंदियाच्या दुकानात मी जुना पिस्टन पिशवीतून काढून ठेवला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मिस्त्री को भेज दीजिए." मी म्हटलं, "मिस्त्री मैं ही हूँ." त्यानं लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं काढून दिलं. सिलिंडरमधला जुना लायनर तुम्ही करायचात तसा लाकडाचा ठोकळा लावून काढला. आत बोट फिरवलं, तर वरच्या कडेला झिजून पायरीच पडली होती. एवढं झिजलेलं इंजन एकट्या बाईला पाणी देत होतं. व्हॉल्व घासले, रिंगा चढवल्या, हेडचे नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. दोन दिवस गेले. हँडल मारलं, इंजन लागलं, आणि पुन्हा तोच निळा धूर. मी बांधावर बसून रडले. चाळिशी ओलांडलेली बाई, कोपरापर्यंत काळी, हुंदके देऊन रडले. आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "रडून काऊन राहिली? तेबी दोनदा-दोनदा खोलत. पहिल्यांदा बसलं नाही का रातभर जेवत नसत." हे मला माहीत नव्हतं, बाबा. मला वाटायचं, तुमच्या हातून एकदाच खोलायचं आणि एकदाच बसायचं.

दुसऱ्या सकाळी सगळं पुन्हा खोललं. दुसरी रिंग मी उलटी बसवली होती. वरची बाजू खाली. खाली खरवडायचं तेल ती वर ओढत होती. एवढीच चूक. रिंग फिरवून चढवली, दुपारपर्यंत सगळं जोडलं. तिसऱ्या हँडलला इंजन लागलं. मी धुराकडे बघायलाच तयार नव्हते. आई पाइपाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काहीच नाही दिसून राहिलं." पंपानं पाणी फेकलं. पाटातून ते पहिल्या बांधीत शिरलं, भेगांमध्ये बुडबुडे आले.

संध्याकाळपर्यंत शेवटची बांधीही भरली. इंजन तेव्हाच बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. आई घरी गेली होती. मी बोडीच्या काठावरच्या जांभळाखाली बसून तो ठोक्यांचा आवाज ऐकत होते. डोळे मिटले की तुम्ही छपरात असल्यासारखं वाटत होतं. अर्धा तास नुसतं डिझेल जाळलं. तुम्ही पाहिलं असतं तर बोलला असतात. घरी गेल्यावर आईनं विचारलं, एवढा उशीर काऊन झाला? मी म्हटलं, कोपऱ्यात पाणी पोचलं नव्हतं.