मालगाडी, तुमचे बंधू आणि ती शिंक

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या पत्रातूनच वाकता येतं, तेवढं गोड मानून घ्या.) नव्या गोळ्यांनी तुम्हाला चक्कर येते असं फोनवर म्हणालात. डॉक्टर बदला, नुसत्या गोळ्या बदलून काही होत नाही. तुमच्या यजमानांनाही नमस्कार सांगा. नवरा दिवसभर घरात बसून वर्तमानपत्र वाचतो म्हणून तुम्ही नेहमी कुरकुर करता. यापुढे करू नका. ते केवढं सुख आहे, हे मी नुकतीच डोंगर चढून शिकून आले.

मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "माझा भाऊ म्हणजे गाय आहे गाय, त्याच्यावर कसला संशय घेतेस?" गाईबद्दल माझी काही तक्रार नाही. पण निवृत्त झालेली गाय दर महिन्याला इस्त्रीचा शर्ट घालून डोंगरात जात नाही. आणि कशाला जायचं, तर मालगाड्यांचं चित्रीकरण करायला. वन्सं, मालगाड्यांचं! प्रवासी गाडी असती तर मी समजून घेतलं असतं. खिडकीत माणसं असतात, एखादं पोर हात हलवतं. मालगाडीत कोळसा असतो. कोळशासमोर उभं राहायला शर्टाची कॉलर कडक कशाला लागते? मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, परीक्षांना पहारा दिला. कॉपी करणारा मुलगा मी तोंड न बघता नुसत्या मानेवरून ओळखत असे. तुमचे बंधू कपाटातून तो शर्ट काढतात तेव्हा त्यांची मान तश्शीच होते.

तरीही मी गप्प होते. (हो, मी. हसू नका.) घरी आले की ते टीव्हीवर सगळं दाखवत आणि मी पाचव्या-सहाव्या डब्याला झोपत असे. (रेल्वेच्या भाषेत मालडब्याला वाघीण म्हणतात. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मी विसरलेले नाही.) पण एकदा नेमकी जागी होते आणि इंजिनाच्या धडधडीमागे मला शिंक ऐकू आली. बाईची शिंक. पुरुष शिंकला तर भांडी हलतात. ही रुमालातली, नाजूक, शेवटी जरा हेलकावा घेणारी शिंक होती. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "वारा असेल." वारा! दुसऱ्या दिवशी ते दाढी करत असताना मी आधीच्या महिन्याचं चित्रीकरण लावलं. वळण वेगळं, गाडी वेगळी, शिंक तीच. मी सांगितलं, पुढच्या खेपेला मीही येणार. अर्धीच दाढी झालेला त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

असो. बसने आम्ही वर पोचलो. तिथे लॉज म्हणवणाऱ्या जागेत दाराला कडी होती, पण कडीला कोयंडा नव्हता. मालगाड्या टिपायला जमलेल्या मंडळींचा पुढारी म्हणजे एक निवृत्त औषधविक्रेता. त्याला सगळे मुकादम म्हणतात, कारण तो कुणालाही स्वस्थ बसू देत नाही. बाकीचे पुरुष सारखेच दिसत होते, सगळ्यांच्या अंगात खूप खिशांची जाकिटं. आणि एक बाई. दातांच्या डॉक्टरीण. वयाने माझ्याहून थोड्या लहान, दातांनी पुष्कळच. बघताक्षणी म्हणाल्या, "या वहिनी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." काय ऐकलंय, कधी ऐकलंय, आणि ऐकवायला वेळ कुणाला मिळाला, हे मी विचारणार तोच त्यांनी थर्मासमधला चहा तुमच्या बंधूंना दिला. बिनसाखरेचा. न विचारता! मी पहारा सुरू केला.

सकाळी वळणावरच्या खडकावर सगळ्यांनी कॅमेऱ्यांच्या तिपाया मांडल्या. मुकादमाने मला बाजूला घेऊन बजावलं, "वहिनी, सिग्नल हिरवा झाला की शेवटचा डबा जाईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. आवाज सगळ्या कॅमेऱ्यांत जातो." आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेलाही एवढी शिस्त नव्हती. त्या दिवशी दगड वाहणारी कुठलीशी अवजड गाडी येणार होती. पुढे तीन इंजिनं ओढायला, मागे दोन ढकलायला. अशी गाडी या चढावर क्वचितच येते म्हणे, अख्खा मोसम सगळे तिच्यासाठी झुरत होते. सिग्नल हिरवा झाला. सगळे दगडासारखे स्तब्ध. दरीतून घरघर वर येऊ लागली, पहिलं इंजिन वळणावर दिसलं, आणि डॉक्टरीणबाई शिंकल्या. तीच शिंक, हेलकाव्यासकट! आणि तुमच्या बंधूंनी कॅमेऱ्यावरची नजर न हलवता खिशातून रुमाल काढला आणि मागे धरला. बाईंनी तो मागे न बघता घेतला. एवढं सफाईदार काम एका दिवसात जमत नाही, वन्सं. रुमाल मी इस्त्री केलेला.

मी विचारलं, "ही बाई कोण आहे, आणि माझ्या घरचा रुमाल हिच्या नाकाला काय करतोय?"

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलायला शिकवलं होतं. पाच इंजिनं असतानाही ते पोचलं. तुमच्या बंधूंनी उत्तर काय दिलं? ओठांवर बोट ठेवलं. माझ्या संसाराचा प्रश्न आणि ओठांवर बोट! आणि ती गाडी, वन्सं, माणूस चालतो त्याहून हळू चढत होती. डबा, मग डबा, मग आणखी डबा. तेवढ्या वेळात मी वेगळं राहायचं ठरवलं, कुठली भांडी माझी ते ठरवलं, आणि तुमचे बंधू तुमच्याकडे राहायला येतील हेही ठरवलं. (तुमच्या मागच्या खोलीतला पलंग त्यांना आखूड पडेल, तेवढं बघा.) शेवटच्या डब्यातून गार्डाने हात हलवला. सगळ्यांनी हलवला. रीत म्हणून मीही हलवला.

मग तुमचे बंधू वळले आणि म्हणाले, "सगळं रेकॉर्डिंग गेलं!" एवढंच. उत्तर दिलं ते डॉक्टरीणबाईंनी, लाल नाकाने. "अहो वहिनी, इथल्या गवताने मला शिंका येतात. मी सगळ्यांचेच रुमाल वापरते." मुकादमाने लगेच साक्षीला आपला रुमाल काढला. तो मी पाहिला नसता तर बरं झालं असतं. मी तुमच्या बंधूंना म्हटलं, "मग वारा असेल असं का सांगितलंत?" खाली बघत म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तू आणखी विचारलं असतंस, मग येते म्हणाली असतीस. आणि इथे गप्प बसावं लागतं गं."

म्हणजे बघा. माणूस डोंगर चढून जातो, तो जिथे कुणी बोलत नाही अशा जागी. यापेक्षा बाई परवडली असती. बाईचा मी एका दुपारी निकाल लावला असता. शांततेच्या झिंज्या कशा उपटायच्या? परतीच्या बसमध्ये मी त्यांना हवी तेवढी शांतता दिली. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" घाट उतरल्यावर पुन्हा विचारलं. घर येईपर्यंत घाबरून स्वतःच बोलत सुटले, तेही मालगाडी सोडून इतर विषयांवर.

तेव्हा तुमचा शब्द खरा ठरला. भाऊ गाय आहे. माझ्या मनात आता तिळाएवढाही संशय उरलेला नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. ते चित्रीकरण मंडळींनी माझ्या आवाजासकट इंटरनेटवर लोकांना बघायला खुलं केलं. आजवर त्यांचं कुठलंच एवढं कुणी पाहिलं नव्हतं. खाली लोक विचारतात, "ती बाई कोण होती ते कळलं का?" इंजिनाबद्दल कुणी काही विचारत नाही. काल मुकादमाचा फोन आला. गाडी चढाला लागली की खालच्या वळणावरून वर हाक मारणारं कुणीतरी हवं आहे, तिथे मोबाईल चालत नाही, आणि एकमताने माझी निवड झाली आहे. विचार करून सांगते म्हटलं. (बूट आणलेत.)

आणखी एक. पत्र खरं तर याचसाठी लिहिलं. तुमच्या यजमानांची दुर्बीण कपाटात नुसती पडून आहे, ती कुणाबरोबर तरी लगेच पाठवा. मी एकटी खाली आणि बाकी सगळे वर, ही वाटणी मुकादमाची नाही, डॉक्टरीणबाईंनी सुचवलेली आहे, असं आज तुमच्या बंधूंच्या तोंडून निघून गेलं. दुर्बीण अर्थात गाड्यांसाठी हवी आहे. पण खालच्या वळणावरून वरचा तो खडक अगदी समोर येतो, आणि दोन गाड्यांच्या मध्ये बराच वेळ रिकामा असतो.