आत्यांची रोजची पुडी

१२ फेब्रुवारी १९८३, वाशी

आत्या आज जिना एकट्या चढल्या! तीन मजले! हाडांत ड जीवनसत्त्व कमी म्हणून डॉक्टरांनी गेल्या महिन्यात पुड्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. आत्या हसतात – "जलमभर उन्हात राबले, आन् आता ऊन पुडीत मिळतंय व्हय!" अशी सासू सगळ्यांना मिळो.

२७ फेब्रुवारी

सारखं पाणी पितात. जेवण नको म्हणतात. विचारलं तर – "गरमी हाय गं." गरमी कुठे आहे अजून?

६ मार्च

सकाळपासून उलट्या. मला "गोजरा" म्हणून हाक मारली. गोजरा त्यांची धाकटी बहीण, परभणीला असते. मधुकर तुर्भ्याला कारखान्यात. शेजारच्या केशरबाई धावत जाऊन टॅक्सी घेऊन आल्या.

८ मार्च

सलाईन चालू आहे. आज ओळखलं मला.

डॉक्टर म्हणाले, "पुडी आठवड्याला एक होती. यांनी दीड महिना रोज घेतली! संपल्या की दुकानातून आणवल्या. हे जीवनसत्त्व जादा झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साचतं. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलंय. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती."

मधुकर आईवर चिडला. मीही रडत रडत तोंड सोडलं – "सांगितलेलं ऐकायला काय होतं?"

"चुकलं बाबा. म्हातारीचं डोस्कं चालंना," एवढंच म्हणाल्या.

मग मला रडूच आवरेना. बाई जाता जाता राहिली!

१६ मार्च

घरी आणलं. पुड्या बंद, गोळ्या बंद, दूधसुद्धा बंद. पाणी भरपूर. दर आठवड्याला रक्त तपासायचं. पुढे काही द्यायचं तर डॉक्टरच ठरवणार. संध्याकाळी वेणी घालून दिली. किती हलक्या झाल्यात!

१९ मार्च

केशरबाईंना राहवलं नाही. "त्यांना कुठे वाचता येतं? तू ऑफिसला जाताना चिठ्ठी ठेवली होतीस, मीच वाचून दाखवली. पुडी रोज, कॅल्शियमची गोळी आठवड्याला एक. उलट लिहिलंस तू! सांगू नको म्हणून शपथ घातली होती त्यांनी."

आत्यांपुढे जाऊन उभी राहिले. "मला का नाही सांगितलंत?"

"दवाखान्यात तू आदीच रडत व्हतीस, लेकी. त्यात आनखी काय सांगू?"